नावं तेवढी बदलली

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, की दुसऱ्या दिवशी दुकानात फारसं कुणी नसतं. चाकरमान्यांची परतीची घाई. तिकिटांच्या प्रिंट दुपारपर्यंत काढून होतात, मग मी आणि झेरॉक्सचं मशीन. गेल्या वेळी त्या रिकाम्या दुपारी एक मुलगी आली. मोबाइल टोनरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "काका, हे बघा जरा."

हिंदी मालिका होती. विहीर, विहिरीच्या बाजूला हापसा, नारळाची तीन झाडं आणि कोल्हापुरी साज घातलेली एक म्हातारी. पाच सेकंदांत ओळखलं मी. न ओळखून कसं चालेल, तो भाग मी तीनदा पाहिलाय.

"ही आमची आजी ना?"

परसात बारमाही विहीर असलेल्या घरी हापसा कशाला, हा प्रश्न मला 2011 सालीही पडला होता. त्या वेळी मला एवढाच प्रश्न पडला, हे आता लिहिताना जड जातंय.

गाव सिंधुदुर्गातलं, खाडीच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही. काकी एकटी राहायची, जशा आमच्याकडे अर्ध्याअधिक घरांत म्हाताऱ्या एकट्या राहतात. मुलगा-सून नालासोपाऱ्याला. चिऱ्याचं घर, मागे पन्नासेक हापूस कलमं, थोडे काजू, रातांबे. 2008 सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी ती विहिरीत सापडली. आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पाय घसरला असेल, म्हातारं माणूस. मग पोस्टमॉर्टेममध्ये डोक्यावरच्या जखमेचं निघालं आणि हातातल्या पाटल्या नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात आलं. पहिल्यांदा उचलला तो बागेचा नेपाळी राखणदार. तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवला, सोडला, आणि तो जो गेला तो पुन्हा आमच्या बाजूला दिसला नाही. पुढे आंबे उतरवायला येणारा गावातलाच एक पोरगा धरला. पाटल्या त्याच्याकडून काढून दिल्याचा पंचनामा झाला. ओरोसच्या कोर्टात सात वर्षं केस चालली. पंच फितूर झाले. संशयाचा फायदा मिळून तो सुटला.

म्हणजे काकीला कोणी मारलं, हे कायद्याच्या हिशेबात आजही कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचा तालुक्याचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे एसटीडी बूथ आणि झेरॉक्स चालवता चालवता बातम्या फॅक्स करणारा माणूस. छापून आलेला मजकूर पट्टीने मोजून मानधन. त्या प्रकरणाने मला दोन महिने चांगलं मोजमाप दिलं. पण एक गोष्ट छापून आली नाही, कारण मी ती बातमी धरलीच नाही. शेजारच्या घरातली वहिनी (वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, पण सगळा गाव वहिनीच म्हणतो) फौजदारांना सारखं एकच सांगत होती, "सोलां भायर होती." खळ्यात चटईवर काकीने रातांब्याची सोलं सुकत घातली होती. सोलं करणं म्हणजे चार-पाच दिवसांचं काम असतं. फळ फोडायचं, बी काढायची, साल उन्हात टाकायची, पुन्हा त्याच्याच रसात बुडवायची, पुन्हा उन्हात, असं सोलं काळी पडेपर्यंत. आदल्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला वळवाची सर आली होती. सकाळी सोलं भिजून चटईला चिकटलेली होती.

"ढग इल्यार ती आदी सोलां घेतली असती," वहिनी म्हणत होती. "जित्ती असती तर सोलां भिजतली कशी?"

म्हणजे काकी रात्री नव्हे, पावसाआधी गेली. दिवसाउजेडी. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने चटईची लांबी-रुंदी लिहिली, सोलांचं लिहिलं नाही. पुढे कोर्टात आरोपीच्या वकिलाने वेळेवरूनच अर्धी केस मोडून काढली.

फोन आला 2010 च्या पावसाळ्यात. मुंबईहून, एका निर्मिती संस्थेतून. मुलगा मराठी, गोड बोलणारा. 'सर' म्हणाला. मला तोवर फक्त बँकेचं कार्ड विकणाऱ्यांनी 'सर' म्हटलं होतं. त्याचं काम काय ते त्याने मोकळेपणी सांगितलं: राज्याराज्यांतल्या जिल्हा आवृत्त्या चाळायच्या, चांगली केस दिसली की तिथल्या वार्ताहराला गाठायचं, एफआयआरची प्रत मिळते का बघायचं, जमलं तर तपास अधिकाऱ्याशी आणि सरकारी वकिलाशी बोलायचं, मग पाच-सहा पानांचं टिपण लेखकाच्या हवाली करायचं. "नावं बदलतो सर, गाव बदलतो. तुम्हाला काही त्रास नाही."

त्रास व्हायचा प्रश्नच नव्हता. मी हवेत होतो. माझ्या पिढीला या मालिकांचं वेड कसं लागलं हे सांगायला हवं. आमच्या गावात दोन टीव्ही होते तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची. बी. पी. सिंग यांची मालिका, मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेली, आणि शिवाजी साटम त्यात होते. तेच सिंग आणि तेच साटम 1998 मध्ये 'सीआयडी' घेऊन हिंदीत गेले, आणि मग देशाला एसीपी प्रद्युम्न मिळाले. मला विचाराल तर पहिलीत जास्त दम होता. तिच्यातले पोलीस घामेजलेले असायचे. 'सीआयडी'त दार तोडणं हाच तपास होऊन बसला, पण वीस वर्षं चालली, त्यामुळे माझ्या मताला कोण विचारतो. 2003 मध्ये 'क्राइम पेट्रोल' आली आणि सूत्रधार थेट आपल्याकडे बघून सांगू लागला, की हे घडलंय, तुमच्या शेजारीही घडू शकतं. आमच्या घरात त्यानंतर मागच्या दाराला दुसरी कडी लागली.

ही रीत काही आपल्या लोकांनी शोधलेली नाही. अमेरिकेत 'ड्रॅगनेट' नावाचा कार्यक्रम 1949 मध्ये रेडिओवर आणि 1951 मध्ये टीव्हीवर आला, लॉस एंजेलिस पोलिसांच्या फायलींवरून. सुरुवातीलाच निवेदन असायचं, की तुम्ही पाहणार ती गोष्ट खरी आहे, निरपराधांच्या रक्षणासाठी फक्त नावं बदलली आहेत. पुढे 1990 मध्ये न्यूयॉर्कवरची 'लॉ अँड ऑर्डर' आली. तिने वर्तमानपत्रातले मथळे उचलायचे आणि वर पाटी लावायची, की ही कथा काल्पनिक आहे, कुठल्याही खऱ्या व्यक्तीशी वा घटनेशी तिचा संबंध नाही. एक म्हणतो खरं आहे, दुसरा म्हणतो खोटं आहे. माल दोघांचा एकाच गोदामातला. आपल्याकडे दोन्ही पाट्या एकाच भागात लागतात. आधी 'सत्य घटनेवर आधारित' आणि लगेच, वाचता येणार नाही अशा वेगाने, 'नाट्यरूपांतरासाठी बदल केले आहेत'.

त्या बदलांचं काम माझ्यासमोर झालं. फोनवर.

तासभर बोललो मी. विहीर, पाटल्या, राखणदार, सगळं सांगितलं. सोलांचंही सांगितलं. त्याला 'सोलं' म्हणजे काय ते समजावण्यात दोन मिनिटं गेली आणि तो म्हणाला, "हां, कोकम." पुढे काही विचारलं नाही. मग म्हणाला, "फॅमिली अँगल काही?" मी म्हटलं, सून मे महिन्यात आठवडाभर येऊन गेली होती, बाग विकण्यावरून सासू-सुनेचे खटके उडत होते, असं लोक बोलतात. "अफेअर वगैरे?" मी म्हटलं, "गावात काय हो, लोक काहीही बोलतात." तो हसला. मीही हसलो.

एवढंच. ना हो, ना नाही. पुढे त्या हसण्यावर पंचवीस मिनिटांचं कथानक उभं राहिलं.

प्रक्षेपण झालं त्या रात्री माझ्याकडे पंधरा माणसं जमली होती. बायकोने चहा केला होता. राखणदार कुठेच नव्हता, साहजिक आहे. ज्याला उगाच धरून सोडलं त्याचं मालिकेत करायचं काय? आंबे उतरवणारा पोरगा होता, पण तो आता सुनेचा यार झाला होता. सून लाल ब्लाउज घालून पडवीत मोबाइलवर कुजबुजत होती. शेवटी इन्स्पेक्टरने टेबलावर हात आपटला, तिने रडत रडत सगळं कबूल केलं, आणि सूत्रधाराने आपल्याला सावध राहायला सांगितलं. मी श्रेयनामावली बघायला थांबलो होतो. नावं इतक्या जोरात वर सरकली की माझं होतं की नाही तेही कळलं नाही. (नव्हतं. पुढे यूट्यूबवर थांबवून थांबवून पाहिलं.)

त्या कबुलीबद्दल थोडं. कोर्टात बसून बसून मला हे कळलं, की पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम तेच सांगत होतं आणि 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तरतूद शाबूत आहे. ब्रिटिशांनासुद्धा आपल्या पोलिसांची कबुली घ्यायची पद्धत माहीत होती. म्हणजे मालिकेत जिथे गोष्ट संपते, तिथे खऱ्या केसमध्ये काहीच झालेलं नसतं. कबुलीच्या ओघात आरोपीने वस्तू काढून दिली तर तेवढा भाग टिकतो, म्हणून तर पाटल्यांचा पंचनामा महत्त्वाचा होता आणि म्हणून पंच फुटल्यावर सगळं कोसळलं. पण पंच साक्षीत नजर खाली घालून "माका म्हायत नाय" म्हणतो, हे दृश्य कोण बघणार?

गंमत बघा, निकाल 2015 ला लागला आणि गावात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. प्रकरण चार वर्षांपूर्वीच निकालात निघालं होतं. टीव्हीवर.

मालिकावाल्यांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही, हेही खरं. गावाला शेवट हवाच होता. मुलगा देवळात कौल लावून आला होता, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, उजवा की डावा यावर महिनाभर चर्चा. आमच्याकडे गजालीला पाय असतात म्हणतात. टीव्हीने तिला गाडी दिली एवढंच. दशावतारात नाही का, आख्यान पुराणातलं ठरलेलं, पण संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे, आणि संकासूर येऊन सरपंचाची फिरकी घेणार. पण तिथे रावण रावणच असतो. सकाळी तो नट चहाच्या टपरीवर बसलेला दिसतो आणि त्याला कुणी सीता कुठे ठेवलीस म्हणून विचारत नाही.

खऱ्या प्रकरणाला हात घालून नीट काही करताच येत नाही, असं मी म्हणणार नाही. दिल्लीच्या 2012 च्या प्रकरणावरची 'दिल्ली क्राइम' 2019 मध्ये आली, 2020 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, आणि मला ती आवडली कारण त्यात गाड्यांना पेट्रोल नाही, ठाण्यात वीज नाही, अशा गोष्टींना जागा होती. आपल्याकडे खुनांचा आरोप असलेल्या वाई-धोमच्या त्या डॉक्टरच्या प्रकरणाची आठवण करून देणारी 'देवमाणूस' 2020 मध्ये आली. तिने सुरुवात धाक वाटेल अशी केली आणि पुढे लोकांना त्या डॉक्टरचंच कौतुक वाटू लागलं. रोज रात्री भेटणारा माणूस आपला वाटायला लागतो, मग तो काहीही करो. खटला तेव्हा चालूच होता.

खटला चालू असताना दाखवायचं की नाही, यावर आमच्या किनाऱ्याचा चांगला संबंध आहे. श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला 1993 च्या फेब्रुवारीत आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत 257 माणसं मेली. त्यावरचा 'ब्लॅक फ्रायडे' 2005 च्या जानेवारीत लागायचा होता, पण निकाल आलेला नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने अडवला आणि तो 2007 मध्ये लागला. दोन वर्षं. मोठी केस, मोठे वकील, आरोपींनी स्वतः जाऊन अडवलं. पुढे 2024 मध्ये शीना बोरा प्रकरणावरचा माहितीपट अडवायला सीबीआय उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायमूर्तींनी आधी तो बघितला आणि दाखवायला हरकत नाही म्हणाले. त्या प्रकरणातले जळालेले अवशेष 2012 मध्ये सापडले ते पेण तालुक्यात, गागोद्याजवळच्या जंगलात. गागोदे म्हणजे विनोबांचं जन्मगाव. शाळेत आम्हाला तेवढंच पाठ होतं. आता त्या गावाचं नाव काढलं तर पोरं दुसरंच सांगतात. त्या गावाचं नाव कुणी बदललं नव्हतं.

आमचं बदललं. आणि त्याचा उपयोग काय झाला? 'महाराष्ट्र-गोवा सीमेवरचं एक गाव' ऐकून लखनऊच्या माणसाला काकीची सून कळली नाही. तिला तशीही तो ओळखत नव्हता. आमच्या पंचक्रोशीत मात्र पहिल्या जाहिरातीआधी सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे नाव बदलून तिला ज्यांच्यापासून लपवलं त्यांच्याकडून तिला धोका नव्हता, आणि ज्यांच्याकडून होता त्यांना पाटी दाखवून सांगितल्यासारखं झालं.

एकदा मी ओरोसला एका ओळखीच्या वकिलाला, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं करून, विचारलं. तो म्हणाला, मद्रासच्या ऑटो शंकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगून ठेवलंय: कोर्टाच्या कागदपत्रांत, सार्वजनिक नोंदीत जे आहे ते छापायला कुणाची परवानगी नको, त्यापलीकडे माणसाच्या खाजगी आयुष्यात शिरलात तर जबाबदारी तुमची. सुनेचा यार कुठल्याच कागदात नव्हता. ना एफआयआरमध्ये, ना आरोपपत्रात. "मग दावा लावता येईल?" वकील म्हणाला, "येईल की. पण आधी तिला कोर्टात उभं राहून म्हणावं लागेल, की ती लाल ब्लाउजवाली बाई म्हणजे मीच."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सून 2011 नंतर दोन वर्षं गणपतीला आली नाही. मग येऊ लागली. पाणवठ्यावर, भजनाला, कुठे काही बोललं जात नाही. आमची माणसं तोंडावर बोलत नाहीत. फक्त तिचा मोबाइल वाजला, की बायका एकमेकींकडे बघतात. ती आता फोन पिशवीत ठेवते आणि पिशवी घरात. घराच्या मागे बाग आहे तशीच आहे. विकली नाही. कशी विकेल?

तिची मुलगी माझ्यासमोर उभी होती. 2008 मध्ये चार वर्षांची होती, आता वीस. आईने तिला आजी विहिरीत पडली एवढंच सांगितलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर जुने भाग बघताना हा लागला, खाली कुणी तरी गावाचं खरं नाव टाकलं होतं. तिने विचारलं, "कुणी तरी म्हणालं, तुम्ही तेव्हा पेपरात होतात. तुमच्याकडे कात्रणं असतील ना?"

होती. कपाटाच्या तळाशी, वाळवीने एक कोपरा खाल्लेली फाईल. मी सगळी काढून दिली. बातम्यांवर नाव नाही, 'वार्ताहर' एवढंच. ती उभ्या उभ्या वाचत गेली. निकालाची बातमी दोनदा वाचली. "म्हणजे आईचं यात काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग त्यांना कुठून मिळालं?"

मशीन गरम व्हायला थोडा वेळ लागतो. मी कात्रणं एकेक करून काचेवर ठेवत राहिलो. शेवटी सांगितलं. फोनचं, हसण्याचंही. ती काही बोलली नाही. मला वाटलं निघून जाईल. तिने झेरॉक्स जुळवल्या, पिन मारून मागितली, आणि विचारलं, "पेपरात नाही आलं असं काही होतं का?"

मग मी तिला सोलांचं सांगितलं.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "त्या सोलांचं काय झालं पुढे?"

सोळा वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पोलिसांनी जप्त केली नव्हती, एवढं खात्रीने सांगू शकलो. संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघं वहिनीच्या घरी गेलो. ती आता वाकलीय, कानाने कमी ऐकते. पडवीत वाती वळत बसली होती. पोरीला जवळ बसवून घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मी मोठ्याने विचारलं.

"सोलां? मीच उचललंय मगे," वहिनी म्हणाली. "तुमी सगळे विहिरीकडे होतास. धुवन पुन्ना सुकवलंय. तेराव्याक तेचीच कढी केलंय. तिच्या हातची शेवटची, टाकतलंय कशी?" आणि माझ्याकडे बघून, "पोलीस इचारूक नाय. तूव इचारूक नाय. तू त्या दिवशी तीन वाटयो पिलंस."